'छंद : वाचन, प्रवास' : एका नोंदीचा पूर्वेतिहास

१

नोकरीच्या अर्जात, विवाहेच्छूंच्या माहितीपत्रकात, साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेतील कविपरिचयात किंवा पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'छंद' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे बहुधा दोनच शब्द लिहिलेले असतात : वाचन, प्रवास. ही नोंद इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणी मजकूर म्हणून पाहत नाही. परंतु ज्या शब्दांकडे लक्ष देण्याची गरज समाजाला वाटेनाशी होते, त्याच शब्दांत त्या समाजाची मूल्यव्यवस्था सर्वांत घट्ट बसलेली असते. वाचन आणि प्रवास या दोन क्रिया 'छंद' या एकाच वर्गात कशा आल्या, केव्हा आल्या आणि त्या वर्गात येताना कोणते वाचन व कोणता प्रवास बाहेर राहिला, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत येतो. मराठीतील प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची व्याप्ती या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी महानगरापासून दूरचे एखादे स्थळ समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. यवतमाळ शहराला लागून, दारव्हा मार्गावर लोहारा हे गाव आहे. गावाच्या नावातच लोहारकामाचा निर्देश दिसतो. आज त्याची ओळख मुख्यतः औद्योगिक वसाहतीमुळे आहे. कामाच्या पाळ्या, बाजार, शाळा, दवाखाना, शेती यांसाठी अशा ठिकाणची माणसे नित्य ये-जा करतात. पोथी, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, सातबाराचा उतारा, कर्जाचा कागद असे पुष्कळ काही वाचतात किंवा कोणाकडून वाचून घेतात. तरीही या ये-जा करण्याला कोणी 'प्रवासाचा छंद' म्हणणार नाही आणि सातबारा वाचणाऱ्याला कोणी 'वाचनाची आवड असलेला' म्हणणार नाही. म्हणजे 'छंद' या शब्दात क्रियेचे वर्णन कमी आणि क्रियेच्या प्रयोजनाविषयीचा निर्णय अधिक आहे. गरजेतून केलेले वाचन आणि पोटासाठी केलेला प्रवास या वर्गात बसत नाहीत. हा निर्णय मराठी भाषेने नेहमीच असा दिलेला नाही.

२

'छंद' या शब्दाची संस्कृतातील अर्थच्छटा दुहेरी आहे. वृत्त हा एक अर्थ. इच्छा, अभिलाषा हा दुसरा. 'स्वच्छंद' या शब्दात दुसरा अर्थ टिकून आहे. मराठी भक्तिपरंपरेत नामाचा, देवाचा छंद हा गौरवाचा विषय होता, तर व्यवहारात 'छंदीफंदी' माणूस संशयाचा विषय होता. नाद, व्यसन, वेड, हौस, शौक हे शब्द त्याच परिसरात वावरतात आणि त्यांची नैतिक किंमत प्रसंगानुसार बदलते. या सर्व शब्दांच्या वाक्यरचनेत मात्र एक समान विशेष आढळतो. छंद 'लागतो', नाद 'लागतो', वेड 'लागते'. या रचनेत कर्तेपण छंदाकडे असते आणि माणूस चतुर्थीत उभा राहतो. त्याने छंद निवडलेला नसतो. छंदाने त्याला धरलेले असते.

आधुनिक मराठीत ही रचना क्रमाने बदलली. छंद 'लागतो' याच्या शेजारी छंद 'असतो' आणि पुढे छंद 'जोपासला जातो' असे प्रयोग रूढ झाले. आता माणूस स्वामी आणि छंद ही त्याची मालमत्ता. मालमत्ता म्हटली की तिची यादी करता येते, ती अर्जात नोंदवता येते आणि तिच्यावरून माणसाची प्रतिष्ठा ठरवता येते. व्याकरणातील हा बदल केवळ शैलीचा नाही. फावला वेळ ज्याच्या ताब्यात आहे अशी व्यक्ती भाषेत अवतरल्याची ती खूण आहे.

३

या व्यक्तीच्या आधी वाचन आणि प्रवास यांचा संबंध कसा होता, याचे साक्षीपुरावे वऱ्हाडच्या भूमीतच सापडतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' हे सतत चालत राहणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र आहे. श्रीचक्रधरांच्या विचारात 'अटन' हा साधनेचा भाग होता. एका जागी रुजणे, तेथील माणसांत व वस्तूंत गुंतणे, हे साधकाला वर्ज्य होते. परंतु त्याहूनही लक्षणीय आहे ती ग्रंथाच्या निर्मितीची रीत. ज्यांनी श्रीचक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या आठवणी ऐकून, त्या पडताळून म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. येथे ग्रंथ प्रवासातून घडला आणि ग्रंथाचा विषयही प्रवासच होता. पुढे 'स्थानपोथी'ने श्रीचक्रधरांच्या वास्तव्याच्या जागा नोंदवून ठेवल्या, तेव्हा वाचकाला पुन्हा त्या वाटेने जाण्याची सोय झाली. चालणे, सांगणे, लिहिणे, वाचणे आणि पुन्हा चालणे असे हे वर्तुळ आहे. त्यातील कोणतीही एक क्रिया वेगळी काढून तिला 'आवड' म्हणता येत नाही.

याच प्रदेशातील कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या चरित्राचा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ सात दिवसांच्या पारायणात, नेमाने आणि सोवळ्याने वाचण्याचा प्रघात आहे. या ग्रंथात तीर्थांच्या याद्या आहेत, काशीयात्रेचा क्रम आहे. जो यात्रेला जाऊ शकत नाही त्याला पारायणातून यात्रेचे पुण्य, आणि जो जाऊ शकतो त्याला वाटेचे मार्गदर्शन, असे दुहेरी कार्य हा मजकूर करतो. मात्र या परंपरेला आदर्श मानून तिच्याकडे परतण्याची भाषा करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. गुरुचरित्राचे वाचन स्त्रियांनी करू नये, असा निर्बंध दीर्घकाळ पाळला गेला. वाचन व्रत होते तेव्हा त्याला अधिकाराची अट होती. वाचन छंद झाले तेव्हा त्याला ऐपतीची अट आली. अटींचे स्वरूप बदलले, अट उरलीच.

४

एकोणिसाव्या शतकात हे वर्तुळ मोडले. त्या मोडण्याचा आलेख नियतकालिकांच्या नावांवरूनही काढता येतो. 'दर्पण' (१८३२) आणि 'दिग्दर्शन' (१८४०), त्यानंतर 'मराठी ज्ञानप्रसारक' (१८५०) आणि 'विविधज्ञानविस्तार' (१८६७) ही नावे वाचनाला ज्ञानाचे साधन मानतात. 'करमणूक' (१८९०) आणि 'मनोरंजन' (१८९५) ही नावे वाचनाकडून दुसरेच काही मागतात. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मध्ये समाजचिंतन कमी होते असे मुळीच नाही; परंतु वाचक कोणत्या दाराने आत येतो हे नावाने ठरवले, आणि त्या दारावर आता विश्रांतीची पाटी होती. ग्रंथालयांची वाटचालही याला समांतर आहे. पुण्यात १८४८ मध्ये 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. वर्गणी भरून घरी पुस्तक नेणारा वाचक हा नवा माणूस होता. त्याला श्रोत्यांची गरज नव्हती, पुराणिकाची नव्हती आणि मुहूर्ताचीही नव्हती.

संक्रमणाच्या या काळातील तीन संहिता येथे शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते आणि तिच्या शीर्षकातच पर्यटन आहे. यमुना आणि तिचा पती प्रवास करतात तो स्थळे पाहण्यासाठी नव्हे. त्यांना जागोजाग भेटतात त्या विधवांच्या कहाण्या. पर्यटन म्हणजे येथे समाजाची तपासणी. मराठी कादंबरीच्या आरंभीच प्रवास हे चिकित्सेचे तंत्र म्हणून आले, ही गोष्ट पुढच्या प्रवासलेखनाने फारशी लक्षात ठेवली नाही.

दुसरी संहिता विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या 'माझा प्रवास'ची. घरचे दारिद्र्य आणि कर्ज यांनी गांजलेला हा भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. लेखन १८८३-८४ च्या सुमारास झाले, चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. आज मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात या ग्रंथाला अग्रस्थान आहे. पण त्यातील प्रवासाचे कारण कर्ज आहे आणि ते कारण लेखक पहिल्यापासून उघडपणे सांगतो. झाशीचा पाडाव पाहिलेला हा माणूस आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परततो. द्रव्यार्जन, तीर्थयात्रा आणि इतिहासाची साक्ष ही तीन प्रयोजने त्याच्या मनात भांडत नाहीत.

तिसरी संहिता वऱ्हाडातलीच : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२). सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ मध्ये चाललेला खटला, त्याच्या वर्तमानपत्रांतील वार्ता आणि त्यावरील चर्चा हे या लेखनाचे निमित्त. ताराबाईंनी समकालीन कथा-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचाही समाचार घेतला आहे. म्हणजे बुलढाण्यात बसलेली एक स्त्री सुरतेची बातमी वाचते, पुण्यामुंबईत छापलेली कल्पित कथानके वाचते आणि त्या वाचनातून मराठीतील स्त्रीवादी चिकित्सेचा एक आद्य ग्रंथ उभा राहतो. ज्या स्त्रीला मोकळेपणी प्रवास करता येत नव्हता, तिच्यापर्यंत जग छापील कागदावरून आले. या वाचनाला छंद म्हणणे हा त्याचा उपमर्द होईल. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' १८८९ मध्ये आले, तेव्हा वाचन व प्रवास या दोन्ही गोष्टी एका स्त्रीने स्वतःच्या हाती घेतल्या. आणि तेथेही 'प्रवासवृत्ता'च्या आधी 'लोकस्थिति' हा शब्द आला, हे अर्थपूर्ण आहे.

५

विसाव्या शतकात प्रवास हळूहळू 'लोकस्थिती'पासून सुटला. वाहतुकीची साधने वाढली, पण ती प्रथम कोणासाठी वाढली हेही पाहिले पाहिजे. यवतमाळहून दारव्हा, कारंजा या मार्गाने मूर्तिजापूरला जाणारी अरुंद मापाची रेल्वे, लोकांच्या तोंडची 'शकुंतला', ब्रिटिश भांडवलाने घातली ती वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत पोहोचावा म्हणून. गाठींच्या मागोमाग माणसे बसली. १९९४ पर्यंत ही गाडी वाफेच्या इंजिनावर धावत होती आणि गेल्या दशकात ती बंद पडली. नृसिंह सरस्वतींच्या कारंज्यावरून जाणारी ही वाट यात्रेकरूंची, पक्षकारांची, विद्यार्थ्यांची आणि मजुरांची होती. मराठी प्रवासवर्णनाची ती कधी झाली नाही.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार म्हणून ज्या ग्रंथांनी स्थिर झाला त्यांत अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) यांचा निर्देश अपरिहार्य आहे. या लेखनाने मराठी गद्याला जी मोकळीक दिली तिचे मोल कमी नाही. निवेदकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची विनोदबुद्धी, त्याची सौंदर्यदृष्टी हा प्रवासवर्णनाचा गाभा ठरला. पुढे वसंत सावंत यांनी 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' या ग्रंथात या प्रकाराची सविस्तर मांडणी केली आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही त्याला जागा मिळाली.

प्रश्न आहे तो यातून रूढ झालेल्या अपेक्षेचा. पु. ल. देशपांडे लंडनला गेले ते बी. बी. सी.मधील दूरदर्शनविषयक प्रशिक्षणासाठी. हे कारण 'अपूर्वाई'त लपवलेले नाही, पण निवेदनाचा सूर त्याला लवकरच मागे सारतो आणि वाचकाच्या मनात उरतो तो निर्हेतुक हिंडण्याचा आनंद. गोडसे भटजींचा प्रवास कर्जाने निघाला, देशपांड्यांचा प्रशिक्षणाने. दोन्ही प्रवासांना कामाचे कारण होते. फरक कारणाच्या असण्यात नसून त्याच्या मजकुरातील स्थानात आहे. कारण जितके मागे, तितके लेखन 'वाङ्मयीन', अशी एक अव्यक्त कसोटी यातून तयार झाली. छंदाची व्याख्या आणि वाङ्मयप्रकाराची व्याख्या येथे एकमेकींना मिळाल्या. सुशिक्षित मध्यमवर्गाला रजा, निवृत्तिवेतन आणि प्रवाससवलत मिळू लागली त्याच काळात हे घडावे, यात नवल नाही.

६

या व्याख्येबाहेर काय राहिले? वाचन ज्यांना नाकारले गेले आणि भटकंती ज्यांच्यावर लादली गेली, त्यांचा इतिहास बाहेर राहिला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. फिरस्त्या जमातींची नोंदणी, हजेरी, स्थानबद्धता असा त्याचा आशय होता आणि तो रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे मराठी मध्यमवर्ग हिंडण्याला संस्कृतीचे लक्षण मानू लागला त्याच दशकांत हिंडणे हे इतर काही समाजांच्या बाबतीत गुन्ह्याचे लक्षण होते. ज्या यवतमाळ जिल्ह्यात बंजारा तांड्यांची वस्ती मोठी आहे, तेथे हा विरोधाभास पुस्तकी राहत नाही. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून नेणाऱ्या या समाजाचा प्रवास हाच व्यवसाय होता. रेल्वेने आणि वसाहती राज्याने तो हिरावला.

मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने दैनंदिन जीवनाच्या मीमांसेत वाचकाला प्रवासी म्हटले आहे : दुसऱ्याच्या मालकीच्या भूमीतून भटक्यासारखा जाणारा, आपण न पेरलेले उचलणारा. वाचकाच्या स्वातंत्र्याचे हे रूपक आकर्षक आहे आणि मराठी समीक्षेलाही ते मोहवू शकते. पण ज्या समाजात दुसऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या खऱ्या भटक्याला पोलीस पाटलाकडे हजेरी लावावी लागत होती, तेथे हे रूपक जसेच्या तसे उचलता येणार नाही. रूपक होण्याची चैनही सर्वांना सारखी उपलब्ध नसते.

याचा सर्वांत तीव्र दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मपर टिपणांत आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने काढलेल्या या इंग्रजी मजकुरात १९३४ मधील एका सहलीची हकीकत येते. चळवळीतील सहकाऱ्यांना स्थळदर्शनाची इच्छा झाली. वेरूळची लेणी पाहायचे ठरले. सुमारे तीस जण निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी ते थांबले आणि प्रवासाची धूळ धुण्यासाठी तेथील हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. पाणी बाटवल्याचा आरडाओरडा झाला, जमाव जमला. पुढे किल्ला पाहू दिला तो पाण्याला शिवणार नाही या हमीवर आणि पहाऱ्यासह. या प्रसंगाचे महत्त्व सहानुभूतीपुरते मर्यादित नाही. येथे प्रवास नेमका छंदाच्या अर्थाने, म्हणजे पाहण्याच्या आनंदासाठी केलेला आहे. प्रवाशांचा नेता हा त्या काळातील थोर ग्रंथप्रेमींपैकी एक आहे. 'वाचन, प्रवास' ही नोंद या माणसाइतकी सार्थपणे फार थोड्यांपुढे लिहिता आली असती. आणि तरीही हौदाच्या काठावर ती नोंद निरुपयोगी ठरते. स्थळदर्शनासाठी डोळे पुरेसे नसतात, पाण्याला स्पर्श करण्याचा अधिकारही लागतो, हे या एका हकीकतीइतके स्पष्टपणे मराठी मुलखातील दुसऱ्या कोणत्या प्रवासलेखनाने सांगितलेले नाही. तथापि प्रवासवर्णनाच्या चर्चेत या मजकुराला स्थान नाही. त्याची रवानगी आत्मचरित्राकडे किंवा सामाजिक दस्तऐवजाकडे होते.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) विषयीही हेच म्हणावे लागेल. कैकाडी कुटुंबाची गावोगावची भटकंती आणि त्या भटकंतीत मुलाचे शाळेत जाणे यांचा संघर्ष हा या आत्मकथनाचा कणा आहे. वाचायला शिकायचे तर एका जागी थांबले पाहिजे आणि जगायचे तर चालत राहिले पाहिजे, असा हा पेच आहे. 'वाचन, प्रवास' या जोडीतील स्वल्पविराम येथे शस्त्रासारखा मध्ये उभा राहतो. एक हवे असेल तर दुसरे सोडा.

७

हे सारे ध्यानात घेतल्यावर छंद ही संकल्पनाच टाकून द्यावी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. निर्हेतुक आनंदाचा अधिकार हा अधिकारच आहे. १९३४ मध्ये वेरूळला निघालेल्या माणसांनी तोच मागितला होता. उपजीविकेच्या पलीकडे स्वतःचा वेळ असणे, त्या वेळात पुस्तक उघडणे किंवा लेणी पाहायला जाणे, ही लोकशाही समाजाची माफक पण खरी कसोटी आहे. आक्षेप आनंदाला नाही. तो आनंद सर्वांना मुळातच उपलब्ध आहे असे गृहीत धरून इतर प्रयोजनांना हीन लेखणाऱ्या अभिरुचीला आहे.

वऱ्हाडात या अभिरुचीला पर्याय अजूनही जिवंत आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' एकट्याने वाचली जाते तशी सामूहिकरीत्याही वाचली जाते. तेथे वाचक आणि श्रोता यांच्यातील जुना संबंध टिकून आहे आणि वाचनाचे प्रयोजन गावाकडे वळलेले आहे. गाडगे महाराज आयुष्यभर हिंडले. त्यांच्या हातात खराटा होता, आणि लोकांनी मुलांना शिकवावे हा त्यांच्या कीर्तनाचा आग्रह होता. स्वतः अक्षरापासून दूर राहिलेला हा भ्रमंतीचा महापुरुष इतरांच्या वाचनासाठी चालत होता. यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले, १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या वेळी उद्घाटकाविषयीचा वाद झाल्यानंतर आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते उद्घाटन झाले. साहित्य संमेलन म्हणजे वाचनासाठी केलेला सामूहिक प्रवास. त्याच्या मंचावर ही स्त्री उभी राहिली, तेव्हा छंदाच्या रकान्यात न मावणारे जगणे वाचकांच्या समोर आले. ते किती ऐकले गेले, हा वेगळा प्रश्न.

मराठी समीक्षेपुरते पाहिले तर काम मर्यादित आणि नेमके आहे. प्रवासवर्णनाची व्याख्या करताना निवेदकाच्या वृत्तीबरोबरच प्रवासाचे कारण, त्याचा खर्च, त्याची मुभा आणि त्यातील अडवणूक हे घटकही संहितेचे अंगभूत घटक म्हणून तपासले गेले पाहिजेत. तसे झाले तर 'माझा प्रवास' हा केवळ आद्य ग्रंथ म्हणून उरणार नाही. कारण सांगून निघणाऱ्या प्रवाशांच्या परंपरेचे ते उगमस्थान ठरेल आणि त्या परंपरेत 'यमुनापर्यटन', पंडिता रमाबाईंचे प्रवासवृत्त, दौलताबादच्या हौदाची हकीकत आणि 'उपरा' हे एकमेकांना भेटतील. 'अपूर्वाई'चे स्थान त्यामुळे ढळणार नाही. फक्त, तिच्यातील मोकळेपणा किती मोठ्या किमतीची वस्तू आहे, हे वाचकाला कळेल.